कूलर थंड हवा देत नाही? मोटारीला दोष देण्याआधी ताट्या बघा

होळी झाली की विदर्भातल्या गावागावात माळ्यावरचे, पडवीतले कूलर खाली उतरतात. फडक्याने वरवर धूळ पुसली जाते, टपात पाणी ओतलं जातं आणि बटण दाबलं जातं. पंखा जोरात फिरतो, आवाजही भरपूर होतो, पण खोली काही थंड होत नाही. मग कोणी म्हणतं मोटार कमजोर झाली, कोणी म्हणतं पंप गेला, तर कोणी थेट नव्या कूलरची चौकशी सुरू करतं. बऱ्याच वेळा दोष यातल्या कशाचाच नसतो. दोष असतो तीन बाजूंना लावलेल्या ताट्यांचा, म्हणजे मागच्या किंवा त्याआधीच्या उन्हाळ्यातल्या जुन्या गवताचा.

पारा ४४-४५ च्या पुढे जातो तेव्हा ही गोष्ट साधी राहत नाही. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर दुपारी १२ ते ४ या वेळात खोली थंड राहणं गरजेचं असतं. कूलर सुरू आहे म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि प्रत्यक्षात आत गरम हवाच येत असते. यातून उष्माघाताचा धोका वाढतो.

कूलर थंड कसा करतो?

कूलरमध्ये बर्फ किंवा गॅस नसतो. पंखा बाहेरची गरम, कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ओढतो. ताटीतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच कारण इथे आहे. म्हणून कूलरला दोन गोष्टी लागतात. ताटी सगळीकडून सारखी ओली पाहिजे आणि तिच्यातून हवा मोकळी गेली पाहिजे. यातली एक जरी बिघडली तरी पंखा नुसता फिरत राहतो.

ताटी खराब का होते?

ताटी थंडावा देते, तशीच ती चाळणीसारखी कामही करते. रस्त्याची, शेताची धूळ आणि मळणीच्या दिवसांतला भुसा गवतात अडकतो. त्यात आपल्याकडे बहुतेक घरी बोअरचं पाणी वापरतात. हे पाणी जड असतं. पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार गवतावरच बसतात. काही आठवड्यांत गवतावर पांढरा थर चढतो, ते कडक होतं आणि पाणी शोषून घेत नाही. पाणी एका बाजूने धार लागून खाली जातं आणि बाकीचा भाग कोरडा राहतो. त्या कोरड्या भागातून गरम हवा जशीच्या तशी आत येते.

दुसरी अडचण म्हणजे गवत ओलं होऊन स्वतःच्या वजनाने खाली बसतं. ताटीच्या वरच्या भागात बोटभर, कधी वीतभर फट पडते. हवेला अडथळा नसलेली वाट सोपी पडते, त्यामुळे ती ओल्या गवतातून न जाता फटीतूनच आत शिरते.

तपासायला सोपी युक्ती आहे. प्लग काढून ताटी बाहेर काढा आणि उन्हाकडे धरून बघा. उजेड ठिकठिकाणाहून बारीक-बारीक दिसला पाहिजे. अजिबात दिसत नसेल तर ताटी चोंदली आहे. वरच्या बाजूला मोठं भगदाड दिसत असेल तर गवत बसलं आहे. दोन्ही वेळा गवत बदलायचं.

कोणती ताटी कधी बदलायची?

• लाकडाच्या किसाचं साधं गवत: दर उन्हाळ्याला नवं. पाणी फार क्षाराचं असेल तर मे महिन्यात आणखी एकदा.

• वाळा: सुवास गेला, मुळं काळी पडली किंवा हातात तुटायला लागली की बदला. साधारण एक हंगाम धरून चाला.

• हनीकॉम्ब, म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची ताटी: नीट सांभाळली तर दोन-तीन हंगाम टिकते. तारेच्या ब्रशने घासू नका, हलक्या धारेने धुवा. पुठ्ठा लिबलिबीत झाला किंवा भोकं क्षाराने बुजली तर नवी आणा.

नवं गवत भरताना ते हाताने मोकळं करून सगळीकडे सारखं पसरवा. फार ठासून भरलं तर हवा अडते, कमी भरलं तर फटी राहतात. लावण्याआधी पाण्यात भिजवून निथळून घ्या, म्हणजे त्याचा पिवळा रंग आणि भुसा निघून जाईल. सोबतच वरच्या पाण्याच्या नळीची भोकं सुईने मोकळी करा आणि पंपाची जाळी धुवा. गवत नवं आणि भोकं बुजलेली असतील तर खर्च वाया जातो.

रोज कूलर बंद करण्याआधी पंप बंद करून १५-२० मिनिटं नुसता पंखा चालू ठेवा. ताट्या वाळतात आणि सकाळी कुबट वास येत नाही. कूलर लावलेल्या खोलीची समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर कितीही चांगला असला तरी घाम येतोच.

टपातलं पाणी आणि डेंग्यू

ताट्यांइतकंच लक्ष खालच्या टपाकडे द्यायला हवं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा आणि टप पूर्ण रिकामा करायचा. वरून पाणी टाकत राहिल्याने काहीही उपयोग होत नाही.

नुसतं पाणी ओतून दिलं तरी काम अर्धंच होतं. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या थोडी वर, टपाच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी लागलं की त्यातून अळ्या निघतात. त्यामुळे टप आतून घासणीने खसखसून घासला पाहिजे. पावसाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात टाकून दिलेल्या कूलरमध्येही हाच धोका असतो.

आधी प्लग काढा, मग हात लावा

कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. लोखंडी बॉडी, पाणी आणि वीज एकत्र आल्यावर छोटी चूकही महागात पडते. ताटी काढताना, पाणी भरताना किंवा टप धुताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर काढा. हात कोरडे असू द्या आणि पायात चप्पल घाला. तीन पिनचा प्लग आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय लोखंडी कूलर लावू नका. शक्य असेल तर वायरमनकडून आरसीसीबी हा सुरक्षा स्विच बसवून घ्या. करंट बाहेर फुटताच तो वीज तोडतो. कूलर चालू असताना लहान मुलांना त्याच्या जवळ खेळू देऊ नका.

एसी असेल तर जाळी धुवा

आता गावातही दुकानात, दवाखान्यात आणि काही घरांत एसी आले आहेत. तिथेही गोष्ट तीच. भिंतीवरच्या युनिटचं पुढचं झाकण उघडलं की आत बारीक जाळी दिसते. तोच फिल्टर. त्यावर धुळीचा थर बसला की हवा कमी येते, खोली थंड व्हायला वेळ लागतो आणि मशीन जास्त वेळ चालून वीज खाते. घाण फिल्टर बदलून स्वच्छ फिल्टर लावला तर एसीची वीज ५ ते १५ टक्क्यांपर्यंत वाचू शकते, असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो.

जाळी फार चोंदली तर आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळून पाणी भिंतीवर टपकतं. अशा वेळी गॅस संपला असं समजून पैसे खर्च करण्याआधी फिल्टर एकदा बघून घ्या.

मेन स्विच बंद करून जाळी काढायची, नळाखाली धुवायची, सावलीत पूर्ण वाळवायची आणि परत बसवायची. उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्यालगत घर असेल तर दर १५ दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा. जाळी फाटली तर नवी टाका. काही एसीत धुता न येणारा वेगळा बारीक फिल्टर असतो, तो माहितीपुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलावा लागतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर यात हयगय नको, कारण चोंदलेल्या जाळीवरची धूळ आणि बुरशी त्याच खोलीत फिरते.

हंगाम संपल्यावर

पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि कूलरचा उपयोग उरत नाही. तेव्हा टप घासून कोरडा करा, जुनं गवत काढून टाका आणि कूलर झाकून ठेवा. गवत तसंच राहिलं तर त्यात बुरशी धरते आणि उंदीर घरटी करतात.

नव्या गवताचा खर्च नव्या कूलरच्या मानाने किरकोळ आहे आणि काम एका सकाळचं आहे. कूलर अजून माळ्यावर असेल तर उतरवतानाच ताट्या बदला. सुरू केला असेल तर येत्या रविवारी प्लग काढून ताट्या एकदा उन्हाकडे धरून बघा.