डॉबरमनचं पिल्लू घेण्याआधी त्याच्या आजीची चौकशी करा

डॉबरमन पाळायचा विचार घरात नुसता बोलून दाखवला, तरी कुणीतरी एक गोष्ट ऐकवतंच. या कुत्र्याचा मेंदू वाढत जातो, कवटी मात्र तेवढीच राहते. मग एक दिवस त्याचं डोकं फिरतं आणि ते मालकावरच उलटतं. सांगणाऱ्याच्या ओळखीत कुणाच्या तरी बंगल्यावर असं घडलेलंही असतं. या गोष्टीला पशुवैद्यकशास्त्रात काडीचाही आधार नाही. तरी तिच्यामुळे किती डॉबरमन जन्मभर साखळीला राहिले असतील, या विचाराने वाईट वाटतं. माणसाला चिकटून राहणारा, मालक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला तरी मागोमाग उठून जाणारा हा कुत्रा. त्याला फाटकाशी बांधून ठेवलं की तो खरोखरच बिथरतो, आणि मग दोष मेंदूला लागतो.

डॉबरमनमध्ये वाढतं ते हृदय. डायलेटेड कार्डिओमायोपथी किंवा डीसीएम असं त्या आजाराचं नाव. हृदयाचा स्नायू दुबळा होतो, कप्पे सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखे ताणले जातात, रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होते आणि ठोक्यांची लय बिघडते. हे सगळं आत चालू असताना बाहेरून कुत्रा ठणठणीत दिसतो. खातो, धावतो, दारावरची बेल वाजली की भुंकतो. काहींना पुढे खोकला, धाप, पोटात पाणी अशी लक्षणं दिसतात. पण बऱ्याच कुत्र्यांच्या बाबतीत पहिलं लक्षण हेच शेवटचं ठरतं. कुत्रा अंगणात खेळता खेळता कोसळतो आणि संपतो.

हा आजार किती पसरलेला आहे याचा एक चांगला अभ्यास म्युनिकच्या विद्यापीठातल्या पशुहृदयरोगतज्ज्ञांनी केला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. युरोपातले ४१२ डॉबरमन त्यांनी तपासले. सगळ्या वयांचा एकत्रित, म्हणजे आयुष्यभराचा हिशेब केला तेव्हा आजाराचं प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास निघालं. याच अभ्यासातले वयानुसारचे आकडे पिल्लू घेणाऱ्याने नीट समजून घ्यावेत असे आहेत. एक ते दोन वर्षांच्या कुत्र्यांमध्ये आजार सुमारे ३ टक्के होता. सहा ते आठ वर्षांच्या कुत्र्यांमध्ये तो ४४ टक्क्यांच्या घरात गेला.

आता ब्रीडिंगचं वेळापत्रक यावर ठेवून पाहा. नर दोन-तीन वर्षांचा झाला, शोमध्ये बक्षिसं मिळाली, की त्याला मेटिंगसाठी मागणी येते. चार वर्षांचा होईपर्यंत त्याची पिल्लं गावोगावी पोचलेली असतात. आजार उघडकीला येतो तो त्यानंतर. म्हणजे ज्या वयात आई-बाप दिमाखदार दिसतात, त्या वयात त्यांच्या हृदयाबद्दल फारसं काही कळतच नाही. कळतं ते आजी-आजोबांवरून, आत्या-मावश्यांवरून, आधीच्या वेतातली पिल्लं आज कुठे आणि कशी आहेत यावरून. म्हणून डॉबरमनचा ब्रीडर पारखायचा असेल तर त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्यांची चौकशी करावी, असं माझं ठाम मत आहे. शोकेसमधल्या ट्रॉफ्या नंतर बघता येतील.

चौकशी अगदी साधी असते. ‘दादा, हिची आई आहे का अजून? किती वर्षांची? आजोबा किती जगले, कशाने गेले?’ जबाबदार ब्रीडरला हे प्रश्न आवडतात. तो आठवून, कधी वही काढून सांगतो. आजी साडेनऊ वर्षांची आहे, आतल्या खोलीत झोपली आहे, थांबा, आणतो. आजोबा सातव्या वर्षी हृदयाने गेले, म्हणून त्या बाजूचा नर पुन्हा वापरला नाही. असं वाईट सांगणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो. ‘आमच्या लाइनमध्ये हार्टचा प्रॉब्लेमच नाही’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर सावध व्हावं. या जातीत असं छातीठोक सांगता येईल, अशी आज परिस्थिती नाही.

तोंडी माहितीच्या पुढे रिपोर्ट येतात. डॉबरमनच्या हृदयाच्या दोन तपासण्या आहेत आणि दोन्ही लागतात. पहिली एकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्यात कप्प्यांचा आकार आणि आकुंचनाची ताकद दिसते. दुसरी होल्टर. कुत्र्याच्या छातीवरचे केस थोडे भादरून इलेक्ट्रोड चिकटवतात, वर जाकिटासारखा पट्टा घालतात आणि त्यात छोटं यंत्र बसवतात. कुत्रा चोवीस तास ते अंगावर घेऊन घरभर हिंडतो, झोपतो, फिरायला जातो. यंत्र प्रत्येक ठोका नोंदवतं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार चोवीस तासांत हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून निघालेले ३००हून अधिक अवेळी ठोके सापडले, किंवा वर्षभरातल्या दोन नोंदींमध्ये ते ५० ते ३०० च्या दरम्यान आले, तर डीसीएम आहे असं धरतात. दवाखान्यात दोन-तीन मिनिटांचा ईसीजी काढून हे अवेळी ठोके सापडतीलच असं नाही, म्हणून चोवीस तासांचा खटाटोप. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून या दोन्ही तपासण्या दरवर्षी कराव्यात असं तेच तज्ज्ञ सांगतात. त्यामुळे रिपोर्ट हातात आला की आधी तारीख बघा. दीड वर्षाच्या वयात काढलेला एकच ‘नॉर्मल’ रिपोर्ट पाच वर्षांच्या नराबद्दल काही सांगत नाही.

आपल्याकडे होल्टर सहज मिळत नाही, हे खरं आहे. पण एको मोठ्या शहरांत होतो. ज्याच्या घरात चार-पाच डॉबरमन आहेत आणि जो वर्षाला एक-दोन वेतं विकतो, त्याने आपल्या माद्यांचा एको कधीच केलेला नसेल, तर तो का केला नाही हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

जनुकीय चाचणीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ‘डीएनए क्लिअर’ हे शब्द जाहिरातींत दिसू लागले आहेत. अमेरिकेतल्या डॉबरमनमध्ये डीसीएमशी संबंध असलेले दोन जनुकीय दोष सापडले आहेत. पण त्यांतल्या पहिल्याचा, पीडीके४ चा, युरोपातल्या कुत्र्यांमध्ये आजाराशी संबंध दिसला नाही. दोष असलेले काही कुत्रे म्हातारपणापर्यंत नीट जगतात आणि नसलेले काही आजारी पडतात. तेव्हा हृदयाच्या बाबतीत ही चाचणी जोडीला ठीक आहे, एको-होल्टरच्या जागी नाही. ‘युरोपियन लाइन’ या शब्दांनीही हुरळून जाऊ नये. वरचे ५८ टक्के युरोपातल्याच कुत्र्यांचे आहेत.

एका आजारात मात्र जनुकीय चाचणी खरोखर उपयोगी पडते. व्हॉन विलेब्रँड हा रक्त लवकर न गोठण्याचा विकार डॉबरमनमध्ये खूप आढळतो. एरवी तो कळतही नाही. नसबंदीच्या वेळी, दात पडताना किंवा शेपूट कापताना रक्त थांबेना, की कळतो. चाचणी जन्मात एकदाच करावी लागते. आई किंवा बाप यांपैकी एक जरी पूर्ण निर्दोष असला, तरी कुठल्याही पिल्लात दोषाच्या दोन प्रती येऊ शकत नाहीत. इतकं सोपं गणित असताना ते न करणाऱ्याकडून पिल्लू का घ्यावं? रिपोर्ट असेल तर त्याची प्रत मागून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांच्या फाइलला लावा. पुढे कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी ती कामाला येते.

कागदांचा घोळ इथेच सोडवून टाकू. केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे केसीआयचं, सर्टिफिकेट हा पिल्लाच्या वंशाचा दाखला आहे. आई कोण, बाप कोण, मागच्या पिढ्या कोणत्या, हे तो सांगतो. तब्येतीबद्दल त्यात अवाक्षर नसतं. तरी तो हवाच, कारण त्याच्याशिवाय आजी-आजोबांचा पत्ता लागत नाही. पेडिग्री हातात आली की नावं वाचा. तेच नाव आईच्या बाजूलाही आणि बापाच्या बाजूलाही दिसलं, तर जवळच्या नात्यात मेटिंग झालं आहे. डॉबरमनमध्ये मुळातच नाती गुंतलेली आहेत, त्यात आणखी भर नको. पिल्लाच्या मानेजवळ मायक्रोचिप असते. स्कॅनर फिरवला की पंधरा आकडी नंबर दिसतो. तो कागदावरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळवून घ्या, पैसे देण्याआधी.

कायदाही गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे, पण तो फार थोड्यांना माहीत असतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी दीड वर्षाची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर तिला ब्रीड करता येत नाही, लागोपाठच्या दोन हीटवर मेटिंग करता येत नाही, आणि आयुष्यात पाचाहून जास्त वेतं घेता येत नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस दिवसांची पिल्लं सर्रास हातात ठेवली जातात, आणि ‘लहानपणी नेलं की लळा लागतो’ असं सांगून गिऱ्हाइकाला खूशही केलं जातं. खरं कारण वेगळं असतं. पाचव्या आठवड्यानंतर पिल्लांचं खाणं, लस आणि घाण काढणं हा खर्च ब्रीडरच्या अंगावर येतो. पिल्लाचं मात्र यात मोठं नुकसान होतं. भावंडांशी मस्ती करताना किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो, हे ते याच आठवड्यांत शिकतं. चाळीस किलोच्या, भक्कम जबड्याच्या कुत्र्याला ही शिकवण नसेल, तर पुढे घरातल्या लहान मुलांना त्याची किंमत मोजावी लागते.

पिल्लं बघायला जाल तेव्हा आई समोर हवीच. दूध पाजून तिचं अंग उतरलेलं असेल, केस गेले असतील, ते साहजिक आहे. तिचं वागणं बघा. अनोळखी माणूस आल्यावर ती भुंकेल, पिल्लांच्या मध्ये उभी राहील; मालकाने शांतपणे सांगितल्यावर ती निवळते का? कोपऱ्यात दबून थरथरणारी किंवा मालकालाही न जुमानणारी आई असेल तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी परत फिरा. ‘आई गावाला आहे’ हे उत्तर मिळालं तर बसूही नका. उलट, चपला बाहेर काढायला आणि हात धुवायला लावणाऱ्या ब्रीडरचा राग मानू नका. पार्व्होच्या साथीत डॉबरमनची पिल्लं इतर जातींपेक्षा लवकर बळी पडतात, आणि तो विषाणू माणसाच्या चपलेवरूनही येतो. याच कारणासाठी घरी आणल्यावर लसींचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत पुरे करावे लागतात. तोवर पिल्लाला सोसायटीच्या बागेत उतरवू नये.

कान आणि शेपूट. उभे टोकदार कान डॉबरमनला निसर्गाने दिलेले नाहीत. ते कापून, पट्ट्या बांधून उभे केलेले असतात. ज्या जर्मनीत ही जात तयार झाली, तिथे कान कापणं १९८७ पासून आणि शेपूट कापणं १९९८ पासून बंद आहे. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही जनावराचा अवयव तोडणं ही क्रूरता मानली आहे. ‘कान करून देतो, वेगळे पैसे’ असं म्हणणाऱ्याकडे रक्ताच्या विकाराचा रिपोर्ट मागून बघा. बहुतेक वेळा नसतो, आणि कात्री मात्र तयार असते. लोंबत्या कानांचा डॉबरमन तितकाच सावध असतो आणि चेहऱ्याने फार लोभस दिसतो.

रंगाच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका. काळा आणि तपकिरी हे नेहमीचे रंग. निळसर किंवा फिक्या बदामी रंगाची पिल्लं ‘रेअर’ म्हणून महाग विकली जातात, आणि त्यांतल्या अनेकांचे केस मोठेपणी विरळ होऊन कातडीचे त्रास सुरू होतात. पांढरा डॉबरमन तर घेऊच नये. तो अल्बिनो प्रकार १९७६ साली अमेरिकेत जन्मलेल्या एका मादीपासून जवळच्या नात्यात मेटिंग करून वाढवला गेला. या कुत्र्यांच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही आणि कातडीवर गाठी येण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त आहे.

चांगला ब्रीडर तुम्हालाही प्रश्न विचारतो. घरी दिवसभर कोण असतं, आधी कुत्रा पाळला होता का, फ्लॅट भाड्याचा आहे का, नोकरीत बदली झाली तर कुत्र्याचं काय? ही उलटतपासणी काहींना अपमानाची वाटते. मला तिच्यात त्या माणसाची पिल्लाबद्दलची काळजी दिसते. कधीही, कुठल्याही वयात कुत्रा सांभाळणं जमलं नाही तर तो परत माझ्याकडेच आणायचा, असं तो लिहून घेतो. कधी तो सांगतो की सध्या पिल्लू नाही, पुढच्या वर्षी होईल, थांबा. थांबावं.

पिल्लू घरी आल्यानंतर ब्रीडरशी असलेलं नातं बहुतेक लोक सोडून देतात, आणि तिथेच या जातीचं नुकसान होतं. कुत्रा तीन वर्षांचा झाला की एको करा, जमेल तिथे होल्टर करा, पुढे दरवर्षी करा. लक्षणं दिसण्याआधी आजार पकडला तर औषधाचा उपयोग होतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पिमोबेंडन दिलेल्या डॉबरमनना हृदय निकामी होईपर्यंत किंवा अचानक मृत्यू येईपर्यंत साधारण ७१८ दिवस मिळाले. औषध न दिलेल्यांना ४४१. दोन्हींत नऊ महिन्यांचं अंतर आहे, आणि कुत्र्याच्या आयुष्यात नऊ महिने थोडे नाहीत. दर वर्षीचा रिपोर्ट, चांगला असो की वाईट, ब्रीडरला व्हॉट्सअ‍ॅप करा. कुत्रा गेला तर कोणत्या वयात आणि कशाने गेला हे कळवा; अचानक गेला असेल तर दुःख बाजूला ठेवून डॉक्टरांना शवविच्छेदन करायला सांगा. त्याच्या भावंडांच्या मालकांना तपासणीसाठी तेवढाच इशारा मिळतो, आणि त्याच घरातलं पुढचं पिल्लू बघायला आलेल्या माणसाने ‘आजोबा कशाने गेले’ असं विचारलं, तर ब्रीडरकडे द्यायला उत्तर असतं.