आर्थिक विकासाच्या उपपत्ती व खानदेश

काही देश वा प्रदेश संपन्न होतात व काही मागे राहतात, याची कारणे सांगणाऱ्या परस्परविरोधी उपपत्ती अर्थशास्त्रात आहेत. वॉल्ट रोस्टो यांच्या मते (१९६०) गुंतवणूक व नवे तंत्र यांच्या बळावर समाज क्रमाक्रमाने विकासाच्या अवस्था गाठतो. उलट, परिघावरील प्रदेशांचे दारिद्र्य हे केंद्रस्थ देशांशी जडलेल्या व्यापारसंबंधांचेच फळ होय, असे आंद्रे गुंडर फ्रँक मानतात. गुन्नार मिर्दाल यांच्या मते (१९५७) पुढारलेला भाग इतरांचे भांडवल व श्रम ओढून घेतो. डग्लस नॉर्थ संस्था व नियम यांना प्राधान्य देतात.

खानदेशात या सर्वांना अंशतः आधार सापडतो. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) येथील कापसाला तेजी आली. युद्ध संपताच भाव कोसळले. तथापि पुढे जळगाव, अमळनेर व धुळे येथे कापडगिरण्याही निघाल्या. पांझरेवरील फड पद्धतीत शेतकऱ्यांनी पाणीवाटपाचे नियम स्वतः चालविले. रावेर-यावल भागात विहिरींचे पाणी व ठिबक सिंचन यांवर केळीची शेती वाढली. सातपुड्यातील आदिवासी गावे मात्र मागे राहिली.

दांडेकर समितीने (१९८४) विकासाचा अनुशेष जिल्हावार मोजला. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असल्याने अशा सरासरीत अक्राणी-अक्कलकुव्याचे दारिद्र्य झाकले जाई. कारणमीमांसेप्रमाणे उपाय बदलतो. म्हणून भांडवल, बाजार, पाणी व जमिनीवरील हक्क यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.