शिट्ट्या मोजायच्या, मिनिटं नाही

सकाळी ८

आज गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली वीज जायचा वार, आणि मी आज घरून काम करणार आहे. म्हणून चहाच्या आधी लॅपटॉपवर इमेज उतरवायला लावते. काइंडच्या एका नोडची इमेज शेकडो मेगाबाइटांची असते. वीज गेल्यावर ती फोनच्या डेटावर उतरवणं म्हणजे महिन्याचं पॅकेज एका सकाळी संपवणं.

काइंड हे साधन कुबरनेटिसचा अख्खा क्लस्टर एका यंत्रावर उभा करतं. त्यातला प्रत्येक नोड म्हणजे एक डॉकर कंटेनर, आणि त्या कंटेनरच्या पोटात पुन्हा आपले कंटेनर. २०१८ साली ते सुरू झालं ते कुबरनेटिसच्या स्वतःच्या चाचण्यांसाठी. आज आमच्यासारख्या असंख्य टीम त्यावर विसंबून आहेत. क्लाउडचं बिल येत नाही, कुणाची परवानगी लागत नाही आणि काम झालं की एका आदेशात सगळं साफ.

सकाळी ९.३०

आमची टीम एक कंट्रोलर बनवते. ग्राहकाने एक छोटी नोंद लिहिली की तो तिच्यावरून डिप्लॉयमेंट, सर्व्हिस वगैरे सगळं तयार करतो. त्याच्या चाचण्या आजवर शेल स्क्रिप्टमध्ये होत्या. त्या आता कुबरनेटिस समुदायाच्या ई-टू-ई फ्रेमवर्क या गो भाषेतल्या लायब्ररीवर आणायच्या आहेत. मूळ कुबरनेटिसच्या भांडारातही चाचण्यांची चौकट आहे, पण ती तिथल्या बाकीच्या कोडमध्ये इतकी गुंतलेली आहे की बाहेरच्या प्रकल्पाने ती उचलायची तर अर्धं घर सोबत उचलावं लागतं. वेगळी, हलकी लायब्ररी निघाली ती त्यामुळेच.

मांडणी सोपी आहे. टेस्ट-मेन या फंक्शनमध्ये वातावरण ठरवायचं: क्लस्टर उभा कर, यादृच्छिक नावाची नेमस्पेस बनव आणि सगळं संपल्यावर दोन्ही पाड. मग प्रत्येक चाचणी एक ‘फीचर’ होते. तिचे तीन टप्पे: सेटअप, असेस, टीअरडाउन. सेटअपमध्ये बनवलेली वस्तू पुढच्या टप्प्याला द्यायची तर ती कॉन्टेक्स्टमध्ये ठेवायची आणि तो कॉन्टेक्स्ट परत करायचा. ग्लोबल व्हेरिएबल वापरायचा मोह इथे आवरावा. चाचण्या समांतर चालवायची वेळ आली की तेच आधी दगा देतात.

तीन नोडांचा क्लस्टर मागितला, तर एक नोड वर येईना. लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’. फायलींचा तसा काही संबंध नसतो, लिनक्सची आयनोटिफायची मर्यादा कमी पडलेली असते. ती वाढवली की गाडी चालू. काइंडच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी दर नव्या लॅपटॉपवर कुणीतरी यात तासभर घालवतंच.

सकाळी ११

टीममध्ये यंदाच रुजू झालेला मुलगा कॉलवर आला. त्याची चाचणी कधी हिरवी, कधी लाल.

“ताई, मी तीस सेकंदांचा स्लीप टाकलाय. आता पास होतेय.”

“तुझ्या लॅपटॉपवर. सीआयच्या यंत्रावर?”

“तिथे साठ टाकू का?”

“अरे, कुकर घड्याळ बघून उतरवतोस की शिट्ट्या मोजून?”

तो हसला, पण मुद्दा त्याला पोचला. कुबरनेटिसमध्ये काहीच ताबडतोब होत नाही. डिप्लॉयमेंट बनव असं सांगितलं की एपीआय सर्व्हर ‘बरं’ म्हणतो, इतकंच. पुढे एक कंट्रोलर रेप्लिकासेट बनवतो, दुसरा पॉड बनवतो, शेड्युलर नोड निवडतो, मग तिथला क्युबलेट इमेज आणून कंटेनर चालू करतो. किती वेळ लागेल हे यंत्र, नेटवर्क आणि त्या क्षणाची गर्दी ठरवतात. ठरावीक सेकंद झोपणारी चाचणी वेगवान यंत्रावर वेळ फुकट घालवते आणि मंद यंत्रावर खोटं बोलते.

म्हणून लायब्ररीत ‘वेट’ नावाचं पॅकेज आहे. त्याला अट द्यायची: या डिप्लॉयमेंटची ‘अव्हेलेबल’ ही स्थिती खरी होईपर्यंत थांब. ते थोड्या थोड्या वेळाने विचारत राहतं, अट पुरी झाली की लगेच पुढे जातं आणि मुदत संपली की त्रुटी देतं. मुदत सढळ ठेवली तरी पास होणाऱ्या चाचणीचा वेळ वाढत नाही. माझ्या मते लायब्ररीतलं सगळ्यात मोलाचं पॅकेज हेच. बाकीचं हाताने लिहिता येईल.

दुपारी १२.३०

स्लीप काढून अट घातली, तरी चाचणी अधूनमधून लालच! आता मात्र मजा आली.

चाचणी काय करते? कंट्रोलरकडून डिप्लॉयमेंटची इमेज बदलवते, ‘अव्हेलेबल’ होईपर्यंत थांबते आणि नव्या आवृत्तीचं उत्तर येतं का ते पाहते. गोम अशी की इमेज बदलल्याच्या पुढच्याच क्षणी ‘अव्हेलेबल आहेस का’ असं विचारलं तर डिप्लॉयमेंट हो म्हणतो, कारण जुने पॉड ठणठणीत असतात. बदल अजून त्याच्या कंट्रोलरने पाहिलेलाच नसतो. उत्तर खरं असतं, पण कालच्या प्रश्नाचं.

यावरचा उपाय एपीआयमध्येच आहे. अपेक्षित रचना बदलली की वस्तूच्या मेटाडेटातला ‘जनरेशन’ हा आकडा वाढतो. कंट्रोलर आपण कुठवर पाहिलं ते स्टेटसमधल्या ‘ऑब्झर्व्ड जनरेशन’मध्ये लिहितो. हा आकडा जनरेशनला गाठत नाही, तोवर स्टेटसमधल्या बाकी कशावरही विश्वास ठेवायचा नाही. नंतर सगळ्या रेप्लिका नव्या आहेत का, हे पाहायचं. ‘क्युबसीटीएल रोलआउट स्टेटस’ हा रोजच्या वापरातला आदेशही आधी हेच तपासतो. लायब्ररीत ‘रिसोर्स मॅच’ ही अट आहे. तिला आपलं फंक्शन देता येतं, त्यात ही तुलना आम्ही लिहिली. मग गो टेस्टला काउंटचा पर्याय देऊन तीच चाचणी पुन्हा पुन्हा पळवली आणि जेवायला उठलो. परत आलो तेव्हा सगळं हिरवं होतं.

दुपारी २

नवी तक्रार: ‘इमेजपुलबॅकऑफ’. इमेज लॅपटॉपवरच बांधलेली, काइंडच्या नोडमध्ये भरलेलीही, तरी पॉड ती बाहेरून ओढायला जातोय. टॅग बघितला तर ‘लेटेस्ट’. त्या टॅगला, वेगळं काही सांगितलं नसेल तर, कुबरनेटिस इमेज दर वेळी ओढायचीच असं धोरण लावतं. टॅग बदलला, प्रश्न मिटला.

दुपारी ३.३०

ऑब्झर्व्ड जनरेशनचं प्रकरण आमच्यापुरतं ठेवण्यात अर्थ नाही. लायब्ररीच्या भांडारात उदाहरणांचं फोल्डर आहे आणि नवा माणूस दस्तऐवजाआधी तेच उघडतो. तिथे या अटीचं एक लहान उदाहरण द्यायचं ठरवलं.

योगदान म्हटलं की लोकांना मोठं फीचर आठवतं. परीक्षकाला मात्र वीस ओळींचा, एकच गोष्ट करणारा, आपल्या यंत्रावर लगेच चालवून पाहता येणारा बदल हवा असतो. मुलाला मी लिहायला लावलं, कारण अडचण त्याला आली होती. भांडाराचा फोर्क, वेगळी शाखा, फोल्डरमध्ये चाचणीची फाइल आणि शेजारी रीडमी. रीडमीच्या पहिल्या मसुद्यात उपाय होता, प्रश्न नव्हता. तो परत लिहवून घेतला.

त्याआधी एक कागदी काम असतं. कुबरनेटिसच्या प्रकल्पात कोड द्यायचा तर क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनच्या योगदान करारावर सही लागते. नोकरीत असाल तर ती कंपनीमार्फत करायची की व्यक्ती म्हणून, हे आधी कायदा विभागाला विचारून घ्यावं. कमिटवरचा ईमेल करारावर सही केलेल्या खात्याशी जोडलेला हवा, नाहीतर बॉट तिथेच अडवतो.

संध्याकाळी ५

पुल रिक्वेस्ट गेली. लगेच बॉटने तिच्यावर ‘नीड्स ओके टू टेस्ट’ असं लेबल चिकटवलं. मुलगा हिरमुसला. यात अपमान काही नाही. अनोळखी माणसाचा कोड प्रकल्पाच्या यंत्रांवर चालवायचा, तर आधी कुणा सदस्याने तो नजरेखालून घालायला हवा. सदस्य ‘ओके टू टेस्ट’ असा आदेश लिहितो, तेव्हा प्राउ ही यंत्रणा चाचण्या सुरू करते.

तेवढ्यात वीज गेली. बॅटरी होती. तीन नोडांचा क्लस्टर मात्र पाडला, कारण तो बॅटरी भराभर खातो.

रात्री ९.३०

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात या वेळी सकाळचे नऊ वाजतात, तिकडच्या परीक्षकांचा दिवस तेव्हा सुरू होतो. मुलगा ऑनलाइन होता. मी झोपणार होते, पण राहवलं नाही. एका परीक्षकाने चाचण्या सुरू करून दिल्या होत्या आणि दोन शेरे मारले होते. व्हेरिएबलचं नाव बदला. आणि मुदत संपली तर त्रुटीत शेवटचं स्टेटस छापा, म्हणजे सीआयचा लॉग वाचणाऱ्याला कळेल की गाडी कुठे अडली. दुसरा शेरा सोन्यासारखा होता. रात्री लाल झालेल्या चाचणीपाशी सकाळी फक्त तो लॉग उरतो, क्लस्टर केव्हाच पाडलेला असतो.

मुलाने दोन्ही बदल केले. आता परीक्षकाचा ‘एलजीटीएम’ आणि ओनर्स फाइलमध्ये नाव असलेल्या कुणाचा तरी ‘अप्रूव्ह’ असे दोन शिक्के हवेत. ते लागले आणि चाचण्या हिरव्या राहिल्या, तर टाइड नावाचा बॉट बदल आपोआप विलीन करतो. याला दोन दिवस लागतील किंवा तीन आठवडे. परीक्षकही आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करत असतात, रोज आठवण करून देऊ नये.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर आधी उदाहरणांपैकी एक आपल्या यंत्रावर चालवा. ते चाललं नाही तर गप्प बसू नका. कोणती आवृत्ती, कोणता आदेश, काय अपेक्षित होतं आणि काय दिसलं, एवढं लिहून कळवा. साधं इंग्रजी चालतं, लॉग मात्र पूर्ण जोडा.