बॉनेटखालचा करडा

जुना अमेरिकी पिकअप नव्याने उभा करायला घेतला, की बाहेरच्या रंगावर महिनोन्‌महिने खल होतो. इंजिनाचा रंग मात्र शेवटी घाईघाईत ठरतो. गाडी शेवरोले असेल तर तो बहुधा नारिंगीच निघतो. १९५५ साली आलेल्या शेवरोलेच्या छोट्या व्ही-८ इंजिनाने हा नारिंगी इतका गाजवला, की त्याआधीच्या सहा सिलिंडरवाल्या इंजिनांच्या अंगावरही तोच चढवला जातो. १९४७ ते १९५३ या काळातल्या ३१०० पिकअपमधलं साडेतीन लिटरचं, नव्वदेक अश्वशक्तीचं इंजिन कारखान्यातून बाहेर पडलं ते साध्या करड्या रंगात. फोर्डची तऱ्हा आणखी निराळी. तिथे आधी इंजिनाच्या प्रकारागणिक रंग बदलत असे. १९६६ पासून सरसकट निळा आला.

शेवरोले आपल्याला अगदीच परकी नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता, आणि एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोलेही धावत.

गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘काळा मार, इंजिन थंड राहील.’ तो आकड्यांवर तपासून पाहू. ब्लॉकचा पृष्ठभाग ९० अंश सेल्सिअसला आणि बॉनेटखालची हवा २७ अंशांना धरली, तर रंगवलेला पृष्ठभाग प्रारणातून दर चौरस मीटरला साधारण पावणेपाचशे वॅट बाहेर टाकतो. इंजिनाचा बाहेरचा पृष्ठभाग फार तर दीड चौरस मीटर. म्हणजे हिशेब पाऊण किलोवॅटच्या आत आटोपला. हेच इंजिन पूर्ण जोरात चाललं तर जवळपास ६५ किलोवॅट शक्ती देतं, आणि ढोबळमानाने तितकीच उष्णता पाण्यावाटे रेडिएटरकडे जाते. त्यापुढे पाऊण किलोवॅट म्हणजे दर्या में खसखस.

त्यातही काळा काय नि करडा काय, फरक जवळजवळ शून्यच. ९० अंशांचा पृष्ठभाग उष्णता फेकतो ती मुख्यतः आठेक मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास, डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशापासून फार दूर. तिथे पांढरा, नारिंगी, काळा असे सगळेच नेहमीचे रंग सारखेच ‘काळे’ असतात. अपवाद फक्त चंदेरी ॲल्युमिनियम रंगाचा. धातूचे कण प्रारण कमी करतात. रंगाच्या थराने उष्णता अडते ही भीतीही फोलच. पन्नास मायक्रॉनच्या थरामुळे तापमानात जेमतेम पाव अंशाचा फरक पडतो.

मग रंग कशासाठी? एक तर बिडाचा उघडा ब्लॉक लगेच गंजतो. दुसरं म्हणजे फिक्या रंगावर ऑइलची गळती पहिल्याच दिवशी दिसते. काळ्याखाली ती महिनाभर लपते, म्हणून माझं मत करड्याच्या बाजूने.

अस्सल छटेचा पुरावा इंजिनावरच सापडतो. सेल्फ काढला की त्याच्या बैठकीच्या कडेला, ब्रॅकेटच्या मागे, जिथे ऊन, धूर आणि चिंधी कधी पोचली नाही, तिथे जुन्या रंगाचा कपटा उरलेला असतो. पण तोही पूर्ण खरं बोलत नाही. ऑइल आणि उष्णतेने रंगातलं रेझिन पिवळं पडतं, आणि करडा हिरवट भासू लागतो. शिवाय करडा अनेक वाटांनी बनतो. पांढऱ्यात काजळी घालून केलेला आणि निळ्याची झाक देऊन केलेला, असे दोन करडे ट्यूबलाइटखाली जुळे वाटतात आणि उन्हात नेताच वेगळे पडतात. म्हणून नमुना अंगणात, दुपारच्या उजेडात जुळवावा. हा जुना रंग कोरडा घासू मात्र नये. त्या काळच्या औद्योगिक रंगांत, विशेषतः पिवळ्या-नारिंगी छटांत, शिशाची संयुगं सर्रास असत. पॉलिश पेपर ओला करूनच वापरावा.

नवा रंग पोपडे होऊन निघतो, त्याचा दोष बहुतेक वेळा डब्यातल्या मालाचा नसतो. बिडाचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो आणि त्यात कितीतरी वर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. थिनरने पुसून ब्लॉक कोरडा दिसला, तरी तापल्यावर ते ऑइल घामासारखं वर येतं आणि रंगाची पकड सोडवतं. त्यामुळे धुतल्यावर ब्लॉक हलका गरम करावा, वर आलेलं पुसावं, आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत हेच पुन्हा करावं. कंटाळवाणं काम आहे, पण रंग टिकतो तो यानेच.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गोष्ट वेगळी. तिथलं तापमान कित्येकशे अंशांवर जातं, त्यामुळे नेहमीचं इंजिन एनॅमल तिथे जळून जातं. सिलिकॉन रेझिनचे रंग तग धरतात, कारण तापल्यावर त्यांतला सेंद्रिय भाग जळाला तरी सिलिकॉन-ऑक्सिजनचं जाळं मागे उरतं. मात्र ते टप्प्याटप्प्याने तापवून पक्के करावे लागतात.

राहता राहिला सफाईचा प्रश्न. त्या काळी कारखान्यात जोडून झालेल्या इंजिनावर सरसकट फवारा मारला जाई. नटबोल्ट आणि गॅस्केटच्या कडा त्यातच रंगून निघत. आज मात्र हौशी मंडळी एकेक बोल्ट वेगळा चमकवतात आणि आरशासारखा ब्लॉक दाखवून त्याला ‘ओरिजिनल’ म्हणतात. माझ्या हातात स्प्रेगन असती, तर मी गॅस्केटच्या कडांवर रंग जाऊ दिला असता.