फणीने विंचरलेलं जाळं

दख्खनच्या कोरड्या माळावर बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांत कधीमधी एक मळकट गोळा अडकलेला दिसतो. वाळकी पानं, काटक्या, किड्यांची टरफलं, सगळं रेशमाने आवळून बांधलेलं. जाणारे-येणारे त्याला जळमट समजतात. शेताच्या कुंपणावर असेल तर काठीने पाडूनही टाकतात. जीव हळहळतो, कारण ते स्टेगोडिफस सारासिनोरम या कोळ्याचं घरटं असतं. आत जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे कोळी राहतात, मोठ्या घरट्यात शंभराहूनही जास्त, आणि त्यांत बहुतेक माद्याच. कोळी म्हणजे एकलकोंडा प्राणी. जगात कोळ्यांच्या ५० हजारांवर जाती ठाऊक आहेत, पण जन्मभर असं एकत्र नांदणाऱ्या अगदी मोजक्या.

दिवसा तिथे सामसूम असते. दिवेलागणीला टॉर्च आणि भिंग घेऊन जावं. घरट्याच्या भोकांतून एकेक मादी बाहेर येते आणि फांद्यांमध्ये ताणलेल्या पडद्यावर कामाला लागते. तिचा मागचा पाय पोटाखाली इतका भराभर मागेपुढे होतो की भिंगातूनही नुसती थरथर दिसते. त्या पायावर राठ केसांची एक ओळ असते, तीच तिची फणी. पोटाच्या टोकाशी असलेल्या चपट्या पट्टीतल्या असंख्य सूक्ष्म छिद्रांमधून अतितलम तंतू निघतात. ते फणीने विंचरून ती आधाराच्या धाग्यांवर चढवत जाते. पिंजाऱ्याने कापूस पिंजावा तसा धागा फुगतो. टॉर्च तिरका धरला की ताज्या धाग्यावर निळसर झाक दिसते. काम फार सावकाश चालतं; बराच वेळ उभं राहावं तेव्हा बोटभर धागा पुढे सरकतो.

या धाग्याला डिंक नसतो. बागेतल्या चक्राकार जाळ्यांत चिकट थेंब असतात, इथे नुसती लोकर. तरी नाकतोडा सुटत नाही. किड्याच्या पायाचे केस त्या लोकरीत गुंततात, हे एक कारण. जर्मनीतल्या आखेन इथल्या संशोधकांनी २०१७ साली अशाच लोकरी धाग्यांबद्दल आणखी एक गोष्ट दाखवून दिली: किड्याच्या अंगावरचं मेण तंतूंमध्ये शोषलं जातं आणि पकड कितीतरी घट्ट होते. किडा स्वतःच्याच मेणाने अडकतो. मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी वाटते ती ही गोष्ट.

सावज धडपडलं की पडदा हलतो. त्या हादऱ्याच्या रोखाने आधी एखाददुसरी धावते, सावज मोठं असेल तर मागून इतरही येतात, आणि मग सगळ्या मिळून ते खातात. पिल्लांना आया तोंडातून द्रव भरवतात आणि शेवटी स्वतःच त्यांचं अन्न होतात.

माळावरची धूळ बसली की लोकरीची पकड सैल होते, वारा पडदे फाडतो. ती डागडुजी एकटीच्या आवाक्याबाहेरची असावी, असं त्यांना काम करताना पाहून वाटतं. एकीने ताणलेल्या धाग्यावर दुसरी लोकर चढवत असते, तिसरी खालचं भोक बुजवत असते.