प्रश्नपरीक्षेत राहून गेलेला प्रश्न

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात कास आणि श्वासाचे रुग्ण वाढतात, हा आपणा सर्व वैद्यांचा अनुभव आहे. ऋतुसंधी, सकाळचा गारठा, फराळाचे तळण ही कारणे आम्हीही वर्षानुवर्षे केसपेपरवर लिहीत आलो. याच पंधरवड्यात घरोघरी साफसफाई चाललेली असते, याकडे मात्र आमचे लक्ष फार उशिरा गेले.

निमित्त झाले एका गृहिणीचे. शुष्क कास, घशात दाह आणि रात्री छाती आवळल्यासारखी वाटणे ही लक्षणे होती. सितोपलादी, ज्येष्ठमध, वासावलेह दिले, पथ्य सांगितले. चार दिवस बरे वाटे आणि रविवारी पुन्हा उबळ येई. तिसऱ्या महिन्यात आम्ही जरा त्रासूनच विचारले, "शनिवारी काय करता?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, शनिवारी मी बाथरूम घासते." पिवळे डाग जावेत म्हणून आधी ॲसिड आणि ते वाहून जाण्यापूर्वीच, अधिक स्वच्छतेसाठी, वरून ब्लीचिंगचे द्रावण. खिडकी बंद, कारण डक्टमधून वास येतो.

संडास धुण्याच्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने फरशीलगत साचतो. उकिडवे बसून घासणाऱ्या व्यक्तीचे नाक नेमके त्याच पातळीवर असते. हा प्रकार थांबवला, छातीच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, औषधे तीच ठेवली आणि काही आठवड्यांत कास शमला. निदानपरिवर्जनाची महती विद्यार्थ्यांना सांगणाऱ्या आम्हांला हेतू विचारण्यास तीन महिने लागले!

ब्लीचमध्ये काहीही मिसळू नये, एवढे एकच वाक्य रुग्णाच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले. यात 'नैसर्गिक' पदार्थही आले. लिंबू आणि व्हिनेगर ही आम्लेच आहेत. ब्लीचशी गाठ पडली की तीही क्लोरीन सोडतात. अमोनियायुक्त काच-पुसणीशी ब्लीचचा संयोग झाला, तर क्लोरामाइनचे तितकेच दाहक वायू निर्माण होतात.

पर्याय म्हणून आम्ही रिठा सुचवतो. आठ-दहा रिठ्यांची टरफले रात्रभर भिजवून, सकाळी उकळून गाळून घ्यावीत. त्यातील सॅपोनिनमुळे फेस येतो व तेलकटपणा निघतो. हे पाणी दोन-तीन दिवसांत नासते आणि डोळ्यांत गेल्यास चांगलेच झोंबते. बेसिनला खाण्याचा सोडा कोरडाच घासावा. सोडा व व्हिनेगर एकत्र करण्याची हौस व्यर्थ आहे, कारण फसफसून दोघेही एकमेकांना निष्प्रभ करतात. शहाबादी फरशी किंवा संगमरवरावर लिंबू-चिंच नको, दगड खाल्ला जातो.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रिठा मळ काढतो, परंतु जंतुनाशनाची खात्री देत नाही. घरात अतिसाराचा रुग्ण असेल तर संडासासाठी ब्लीच हवेच. मात्र आधी साबणाने धुऊन, मग वेष्टनावरील सूचनेप्रमाणे पातळ केलेले ताजे द्रावण, खिडकी उघडी ठेवून वापरावे. २०२० च्या साथीत लोकांनी भाजीपालाही ब्लीचने धुतला. ती सवय काही घरांत अद्याप गेलेली नाही.

आपल्या धूपनाविषयीही बोलले पाहिजे. चरकाचार्यांनी शारीरस्थानात बालकाच्या वस्त्रांना व अंथरुणाला धूपन सांगितले आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच संहितेत श्वासाच्या हेतूंमध्ये रज आणि धूम यांची गणना आहे, हे मात्र विसरतो. दोन खोल्यांच्या सदनिकेत, दारे लावून, दम्याच्या आजोबांच्या उशाशी गुग्गुळाचा धूर करणे आम्हांला तरी शास्त्रसंमत वाटत नाही. कपडे गच्चीत धुपवावेत. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या तर कधीच नकोत. जी-६-पीडी या एन्झाइमची उणीव असलेल्या अर्भकात नॅफ्थलिनमुळे रक्तकण फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कडक ऊन दाखवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला वा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ट्रंकेत ठेवावेत.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. दारावर येणारे सुटे फिनेल व ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत भरून ठेवले जाते आणि मूल ते पिते. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, नोंदवही सक्तीची केली. तरी घरात आलेली बाटली विनालेबलच राहते. असे मूल समोर आल्यास वमन देऊ नये. दाहक द्रव्य परत वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. फिनेल किंवा रॉकेल असेल तर ते फुप्फुसात उतरण्याचे भय असते. बाटलीसह तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

आमच्या केसपेपरवर आता एक ओळ वाढली आहे: घरी साफसफाई कोण करते, कशाने करते, त्या वेळी खिडकी उघडी असते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'बाई करतात' असे येते. मग त्या बाईच कधीतरी हातांना भेगा पडल्या म्हणून येतात. त्यांच्या केसपेपरवर आम्ही चार घरांची चार द्रावणे लिहून घेतो.