बँकर, आवणी आणि शेवळांचा वाटा

पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबली की तिच्या खिडक्यांपाशी वडेवाल्यांची धावपळ सुरू होते. दिवाडकरांच्या वड्याचं नाव कर्जत न पाहिलेल्यांनाही माहीत असतं, त्यामुळे त्या धावपळीचे फोटो पुष्कळ निघतात. त्याच वेळी गाडीच्या शेपटाकडे दुसरं काम चाललेलं असतं. बोरघाटाचा सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक असा आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढलेली असते. पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. म्हणून कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात आणि ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. कर्जतकर त्यांना बँकर म्हणतात. इंजिन हळूहळू मागे येतं, एक माणूस हात हलवून खूण करत राहतो, जोड बसताना डब्यांना हलकासा धक्का बसतो आणि पाणी पिणारा प्रवासी सावरून बसतो. ही गोष्ट इथे दिवसातून अनेकदा घडते, आणि म्हणूनच तिचा फोटो काढावा असं इथल्या माणसाला सहसा वाटत नाही.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांचे फोटो कमी निघत नाहीत. उलट पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे निघणाऱ्या फोटोंची गणतीच होणार नाही. भिवपुरीचा आणि खोपोलीचा धबधबा, कोंडाण्याची लेणी, कोथळीगड, माथेरानची छोटी गाडी, फार्महाऊसचा तरणतलाव या सगळ्यांचे फोटो निघतात. हे फोटो चांगलेच असतात. पण ते सगळे एकत्र ठेवले तर त्यांतलं कर्जत कायम जुलैतलं आणि कायम रविवारचं दिसेल. मंगळवारचं कर्जत, मार्चमधलं खालापूर, पहाटेच्या लोकलला धावणारी माणसं, राब भाजल्यावर आठवडाभर काळी राहिलेली जमीन हे त्यात सापडणार नाही. ते इथे राहणाऱ्यालाच टिपता येईल, कारण ते पाहण्यासाठी रोज इथे असावं लागतं. रोज एक फोटो काढण्याची सवय मला महत्त्वाची वाटते ती या कारणासाठी.

आपल्या भागाला या बाबतीत मोठी परंपरा आहे आणि ती फारशा लोकांना ठाऊक नाही. रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली. घाटावर खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट प्रवासी पालखीतून, बैलगाडीतून किंवा पायी चढत. तो जोडण्याचं काम अर्धवट असताना १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने ते हाती घेतलं आणि हिंदुस्थानात पोचल्यावर काही आठवड्यांतच तो आजारपणात वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही. तिने जाणकार इंजिनिअर नेमून काम पुढे नेलं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग, २५ बोगदे. ही अ‍ॅलिस फोटोग्राफरही होती, आणि घाटाच्या बांधकामाचे तिने काढलेले फोटो आजही जपून ठेवलेले आहेत.

त्या काळी फोटो काढणं फार जिकिरीचं होतं. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. कोकणातल्या उकाड्यात आणि घाटाच्या धुळीत हे सगळं केलं जात होतं. काच प्रकाशाला काही सेकंद उघडी ठेवावी लागे, तेवढ्यात जो हलला तो पुसट झाला. कामाच्या ऐन भरात या घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी आणि अपघात यांत हजारो गेले. त्या काळच्या चित्रांत पुलांच्या कमानी स्पष्ट आहेत, कापलेले कडे स्पष्ट आहेत. माणसं आहेत, पण त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

योगायोग असा, की घाट खुला झाला त्याच १८६३ मध्ये विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराच्या मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी आपली माणसंही त्या वेळी हे तंत्र आत्मसात करत होती. जॉन्सनने मात्र माणसांचे फोटो वेगळे काढले आणि ते दुसऱ्याच देखाव्यांवर जोडून चित्रं तयार केली. एका ठिकाणी जागा आहे पण माणसांना नाव नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस आहे पण तो आपल्या जागेवर नाही. रोजच्या फोटोने भरून काढायची उणीव नेमकी हीच आहे. आपल्या जागेवर, आपल्या कामात असलेला, नावाचा माणूस त्यात यायला हवा.

परदेशात हे ज्यांनी नेटाने केलं त्यांच्यापैकी दोघांचा उल्लेख करावासा वाटतो. पॅरिसमध्ये युजेन आत्जे याने तीसेक वर्षं जुन्या गल्ल्या, दुकानांच्या काचा, जिने, फेरीवाले यांचे फोटो काढले. चित्रकारांना संदर्भासाठी उपयोगी पडणारे कागद, एवढंच तो त्यांना म्हणायचा. १९२७ मध्ये तो वारल्यावर बेरेनिस अ‍ॅबट या छायाचित्रकर्तीने त्याचा संग्रह वाचवला आणि पुढे स्वतः बदलत्या न्यूयॉर्कवर तसंच काम केलं. दुसरा जेमी लिव्हिंग्स्टन. याने ३१ मार्च १९७९ पासून रोज एकच पोलरॉइड फोटो काढला. बिघडला तरी तोच ठेवायचा, दुसरा काढायचा नाही. आजारपणातही त्याने नेम मोडला नाही, आणि २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या वाढदिवशी, तो गेला तोपर्यंत सहा हजारांहून अधिक फोटो जमले होते. आपल्याकडे कणकवलीच्या इंद्रजित खांबे यांचं काम आवर्जून पाहावं. दशावतारी कलाकार आणि तळकोकणातलं साधं जगणं त्यांनी गावात राहून टिपलं. चांगला फोटो काढण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही याचा तो पुरावा आहे.

आपल्या दोन तालुक्यांत रोज टिपण्यासारखं काय आहे? माझं उत्तर आधी भात हे असेल. कर्जतचं भात संशोधन केंद्र शंभरेक वर्षं जुनं आहे आणि ‘कर्जत-३’सारखी वाणं महाराष्ट्रभर पोचली आहेत. पण फोटोसाठी गावातलं एकच खाचर पुरे. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, कवळं पसरून राब भाजतात. मृगाचा पाऊस पडला की पेरा होतो, आषाढात आवणी, म्हणजे रोपांची लावणी. त्यानंतर काही दिवस रोपं पिवळट, मरगळलेली दिसतात आणि एका सकाळी सगळं खाचर हिरवं झालेलं असतं. कोणत्या सकाळी, हे रोज एकाच बांधावरून फोटो काढणाऱ्यालाच कळतं. पुढे लोंब्या, कापणी, उडवी, झोडणी. भात निघालं की त्याच ओलीवर वाल, आणि वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेली पोपटी. राजनाल्याच्या पाण्यावर असलेल्या गावांत उन्हाळी भातही होतं. ते पाणी भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून वीज करून खाली आलेलं असतं. म्हणजे मार्चमधल्या हिरव्या खाचराच्या एका फोटोत घाटमाथ्यावरचं धरण आणि मुंबईची वीज यांचाही संबंध असतो. तो फोटोखाली दोन ओळींत लिहिला तर पाहणाऱ्याला समजेल.

यातली आवणी फार काळ सगळीकडे दिसेल असं मला वाटत नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यांवर थेट टोकणी होते, चिखलणी आणि लावणी लागत नाही. शेतकऱ्याची कंबर आणि पैसा दोन्ही वाचतात, त्यामुळे ते पसरलं तर आनंदच आहे. पण ओळीने वाकून लावणी करणाऱ्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्यांचं दृश्य याच तालुक्यातून नाहीसं व्हायला लागू शकतं. डोक्यावरचं इरलं असंच गेलं. त्याच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आणि नेमका कधी आला हे कुणी टिपून ठेवलं नाही.

दुसरी गोष्ट बाजार. पहिल्या पावसाआधीच ठाकर आणि कातकरी बायका शेवळं घेऊन बसतात, त्यांच्या शेजारी काकडांचा वाटाही असतो, कारण काकडं घातल्याशिवाय शेवळांची खाज जात नाही. मग टाकळा, कुर्डू, कवळा, भारंगी, करटोली. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. कोणती भाजी कोणत्या आठवड्यात आली, वाटा केवढा होता, भाव काय होता हे फोटोसोबत लिहिलं तर पाचसहा वर्षांत रानाची आणि पावसाची चांगली नोंद तयार होईल.

आणि उजेड. ढाक, राजमाचीची डोंगररांग पूर्वेला असल्यामुळे आपल्याकडे उजाडतं वेळेवर, पण ऊन अंगणात उशिरा येतं. खोपोली तर घाटाच्या कुशीत, तिथे आणखी उशीर. हा मधला वेळ माणसांचे चेहरे टिपायला सर्वांत चांगला. सावल्या कडक नसतात, डोळे मिटावे लागत नाहीत. पावसाळ्यात डोंगर दिवसच्या दिवस दिसत नाही. त्या दिवशीही फोटो काढावा. नुसता पांढरा आला तरी तो त्या तारखेचा डोंगर आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. वर्षानुवर्षं ट्रेकर या वाडीतून गडावर जात होते. त्यांच्या फोटोंत गडाचं नेढं आहे, सुळका आहे, मागे कुठेतरी कौलं आहेत. पण त्या घरांच्या ओट्यांचे, चुलींचे, अंगणात वाळत घातलेल्या धान्याचे, सकाळी शाळेला उतरणाऱ्या मुलांचे फोटो किती असतील? जी माणसं वाचली त्यांच्यासाठी गडाच्या शंभर फोटोंपेक्षा आपल्या ओट्याचा एक फोटो मोलाचा आहे. आपल्या डोंगरउतारांवर अजून कितीतरी वाड्या आहेत.

बदल फक्त दरडीने होत नाही. चौक गावाजवळ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी मोगल राजवाडे उभे राहिले आणि जगाने ते पडद्यावर पाहिले. त्याच चौक गावातून पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आखला गेला, त्यासाठी वावर्ले इथे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खोदला गेला. खोपोलीच्या डोक्यावर एक्स्प्रेसवेच्या ‘मिसिंग लिंक’चे पूल उभे राहिले. या कामांचे ड्रोनमधून काढलेले फोटो कंपन्यांकडे आणि सरकारकडे नक्कीच आहेत. पण कोणाच्या खिडकीतून दिसणारा डोंगर कधी झाकला गेला, कोणती पायवाट बंद झाली, कोणत्या आंब्याखालचा एसटीचा थांबा हलला, हे त्यांत नसणार. बोरघाटाच्या वेळी जे राहून गेलं ते आता आपल्या खिशातल्या मोबाइलने होऊ शकतं.

ते कसं करावं याबद्दल थोडं. जागा दोन-तीनच ठरवा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा. फोटो एकच ठेवा. निवड करायला लागली की सवय सुटते. मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबीचा धरला तर वर्षभराचे दीड जीबीही होत नाहीत, तेव्हा जागेची चिंता नको. चिंता नोंदीची करा. मोबाइल फोटोत तारीख, वेळ आणि परवानगी दिली असेल तर ठिकाणही साठवतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ही माहिती गळून जाते आणि फोटोही दाबला जातो. म्हणून मूळ फाइल वेगळी जपा, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा, आणि वहीत तारीख, जागा, काम, माणसाचं नाव लिहा. नाव विचारून लिहायचं. फोटोही विचारूनच काढायचा. आवणी करणाऱ्या बाईला न विचारता बांधावरून कॅमेरा रोखणारे पाहुणे दर पावसाळ्यात दिसतात. आपण त्यांच्यातले होऊ नये. काढलेल्या फोटोची प्रत तिला नेऊन द्यावी. रुळांवर, धबधब्याच्या कड्यावर, एक्स्प्रेसवेच्या कडेला उभं राहून काढलेला कोणताही फोटो जिवाच्या मोलाचा नाही.

शाळांनी हे काम हाती घेतलं तर फार बरं होईल. आठवीच्या वर्गाने गावातल्या एका जागेचा वर्षभर रोज फोटो काढावा, महिन्याला चार निवडून कागदावर छापून घ्यावेत आणि मागे नोंद लिहून गावच्या वाचनालयात द्यावेत. पुढच्या वर्षी पुढचा वर्ग तीच जागा धरेल. खर्च थोडा आहे आणि छापलेला कागद मोबाइल बदलला तरी राहतो.

शाळेची वाट न पाहता घरी सुरुवात करायची असेल तर पाडव्याचा मुहूर्त चांगला आहे. पहिला फोटो कशाचा काढावा असा प्रश्न पडला तर आपल्या दारासमोरच्या रस्त्याचा काढा, आणि वहीत तारीख लिहायला विसरू नका.